खासदारकी गेली, कॉलेज राहिले

निवडणूक हरलेला पुढारी पुढे काय करतो, हा आपल्याकडे पारावरचा आवडता विषय. कोणी घरी बसतो, कोणी पुढच्या तिकिटाची वाट पाहतो. पण एखाद्याने सत्ता येण्याआधीच काहीतरी लावून ठेवलेले असते. चंद्रपूरचे कै. शांताराम पोटदुखे हे अशांपैकी एक. त्यांचा मुलूख सागाचा, बांबूचा आणि धानाचा, आपल्या उसाच्या पट्ट्यापासून लांब. म्हणूनच सभासद बंधू-भगिनींना त्यांची ओळख करून द्यावी असे आम्हांस वाटले.

पोटदुखे १९८० पासून सलग चार वेळा चंद्रपूरचे खासदार. नरसिंह राव सरकारात ते अर्थ खात्याचे राज्यमंत्रीही होते. १९९६ साली पराभव झाला. पण सर्वोदय शिक्षण मंडळाचे सरदार पटेल महाविद्यालय चंद्रपुरात १९७० सालीच उभे राहिले होते, म्हणजे खासदारकीच्या दहा वर्षे आधी. खासदारकी आली आणि गेली, कॉलेज चालूच राहिले. २०१८ साली ते वारले. आज चंद्रपुरात त्यांच्या नावाचे विधी महाविद्यालयही आहे.

याचे मोल कळायला नकाशा पाहावा. १९८२ पर्यंत गडचिरोली हा वेगळा जिल्हाच नव्हता. पार सिरोंचापर्यंतचा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात, आणि विद्यापीठ नागपूरला! दोन्ही जिल्ह्यांसाठी गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले ते २०११ साली. मधल्या काळात किती हुशार पोरे दहावीनंतर घरी बसली असतील, त्याचा हिशेब कोण देणार?

दुसरी अडचण भाषेची. भामरागड-एटापल्लीकडचे पोर घरी माडिया किंवा गोंडी बोलते आणि शाळेत पुस्तक मराठीचे. ते गप्प बसले की आपण लगेच मठ्ठ म्हणून मोकळे. वास्तविक जंगलातली शेकडो झाडे ते नावानिशी ओळखत असेल! बुद्धी जात, गाव, सातबारा पाहून जन्माला येत नाही. बेणे चांगले असून पाणीच दिले नाही, तर दोष बेण्याचा कसा?

अशा मुलांसाठी एक वाट आहे ती नवोदय विद्यालयाची. गडचिरोलीत घोट आणि चंद्रपूर जिल्ह्यात तळोधी (बाळापूर) येथे ही विद्यालये आहेत. पाचवीत असताना परीक्षा, सहावीला प्रवेश, राहणे-जेवण-शिक्षण मोफत. किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि एकतृतीयांश मुलींना. पण एका शाळेत सहावीला जागा फक्त ऐंशी. बाकीच्यांना गावची शाळा आणि जवळचे कॉलेज हाच आधार. म्हणून पोटदुख्यांसारख्यांचे काम मोठे.

आता आपल्या बांधाकडे या. हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. तिथेही एखादी पोर मोळ्या मोजताना तोंडी हिशेब करते आणि आपण कौतुक करून पुढे जातो. सभासदांनी एवढे करावे : तिचे नाव जवळच्या शाळेत आहे का ते विचारावे, पाचवीत असेल तर नवोदयचा फॉर्म भरून द्यावा. त्याला खासदार व्हावे लागत नाही.