संशोधन अहवालातील 'संशोधन पद्धती' : लेखनाचे स्वरूप व कसोट्या

प्रस्तावना :
महाविद्यालयीन लघुसंशोधन प्रकल्प असो वा पीएच.डी.चा प्रबंध, 'संशोधन पद्धती' हे प्रकरण त्यात अनिवार्य मानले जाते. तथापि अनेक अहवालांत हे प्रकरण प्रश्नावली, मुलाखत व निरीक्षण यांच्या पाठ्यपुस्तकी व्याख्यांनी भरलेले आढळते. संशोधकाने प्रत्यक्ष काय केले, याची नोंद त्यात क्वचितच असते. वस्तुतः निष्कर्षावर किती विश्वास ठेवावा, हे वाचकास याच प्रकरणावरून ठरवावयाचे असते. प्रस्तुत लेखात या लेखनाच्या कसोट्यांचा विचार केला आहे.

1. क्षेत्रनिवडीचे कारण :
पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास 1917 मध्ये प्रसिद्ध केला. 1771 मध्ये सरासरी 40 एकर असलेली जमीनधारणा 1915 च्या सुमारास 7 एकरांवर आल्याचे त्यात दाखविले आहे. परंतु हे गाव पुणे व खडकीच्या निकट असल्याने तेथील रहिवाशांना शेतीबाहेरची मजुरी उपलब्ध होती. 1921 मध्ये मॅन व ना. वि. कानिटकर यांनी प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या अभ्यासासाठी शहराच्या प्रभावापासून दूर असलेले जातेगाव बुद्रुक निवडले गेले. क्षेत्र बदलले की निष्कर्षाची व्याप्ती बदलते. म्हणून निवडीचे कारण नोंदविणे आवश्यक ठरते.

2. मापनसाधनाचा तपशील :
डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात पीककापणी प्रयोगांच्या आधारे दाखवून दिले की, अतिशय लहान तुकड्यांवरून काढलेला उत्पादनाचा अंदाज वास्तवापेक्षा अधिक येतो. सीमारेषेवरील रोपे तुकड्यात धरली जाण्याची प्रवृत्ती हे त्याचे प्रमुख कारण होय. तुकड्याचा आकार अहवालात लिहिलाच नसता, तर हा दोष कोणासही शोधता आला नसता. सामाजिक शास्त्रांत प्रश्नावलीलाही हाच न्याय लागू होतो. म्हणून मूळ प्रश्नावली परिशिष्टात देणे इष्ट ठरते.

3. एक उदाहरण – वरसावे :
मीरा-भाईंदरमधील वरसावे येथील कुटुंबांच्या उपजीविकेचा अभ्यास करावयाचा आहे, असे समजू. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, घोडबंदर मार्ग, वसईची खाडी व संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांच्या सान्निध्यातील या परिसराची सीमा संशोधकाने प्रथम निश्चित करावी. 2011 च्या जनगणनेनुसार मीरा-भाईंदर महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या 8,09,378 होती; परंतु संपूर्ण शहराच्या आकडेवारीवरून वरसाव्याचे वर्णन करता येत नाही. शिवाय 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आल्याने खाडीपलीकडील वसई तालुका ठाणे जिल्ह्यातून वगळला गेला. त्यामुळे ठाणे जिल्ह्याच्या 2011 च्या व त्यानंतरच्या आकड्यांची सरळ तुलना दिशाभूल करणारी ठरते.

'100 कुटुंबांची यादृच्छिक पद्धतीने निवड केली' हे विधानही अपुरे आहे. निवड कोणत्या यादीतून केली? मतदारयादी वापरली असल्यास अन्यत्र नोंदणी असलेले भाडेकरू व स्थलांतरित मजूर आपोआप वगळले जातात. भेटी केवळ दुपारी दिल्यास कामावर गेलेल्यांचे म्हणणे नोंदविले जात नाही. म्हणून किती कुटुंबांशी संपर्क साधला, किती जणांनी उत्तरे दिली, भेटींचा कालावधी, मुलाखतीची भाषा व उत्तरदात्यांची संमती यांचा स्पष्ट उल्लेख करावा.

4. लेखनातील दक्षता :
संशोधन आराखड्यातील 'माहिती संकलित करण्यात येईल' ही भविष्यकाळी वाक्ये अहवालात तशीच ठेवू नयेत. पूर्ण झालेले कार्य भूतकाळात लिहावे व मूळ आराखड्यात झालेले बदल सकारण नमूद करावेत. 'वेळेचा अभाव' एवढेच लिहिल्याने मर्यादा स्पष्ट होत नाही. त्या मर्यादेमुळे निष्कर्ष कोणत्या दिशेने झुकण्याचा संभव आहे, ते सांगावे.

निष्कर्ष :
दुसऱ्या संशोधकास तोच अभ्यास पुन्हा करता यावा, ही या प्रकरणाची खरी कसोटी होय. सर्वेक्षणातून जी कुटुंबे सुटतात, ती त्यावर आधारलेल्या योजनांतूनही सुटण्याची शक्यता असते. त्यामुळे मार्गदर्शकांनी प्रबंध तपासताना व्याख्यांच्या संख्येपेक्षा या तपशिलांकडे अधिक लक्ष देणे अगत्याचे आहे.