उसनी कातडी
(जखम भरताना : लेखांक ५)

1973 च्या डिसेंबरात भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा माडिया लोक दवाखान्याकडे फिरकत नसत. तिथल्या डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्यावर त्यांचा विश्वास बसला तो मोजक्या रोग्यांमुळे. त्यांत फिट येणारा, फार भाजलेला एक मुलगा होता. तो वाचला आणि गावोगाव बातमी गेली. वीज नसलेल्या त्या दवाखान्यात एवढा भाजलेला जीव वाचणे किती अवघड होते, हे कातडी काय काम करते ते कळले की उमगते. ती गेली की अंगातले पाणी झिरपत राहते आणि जंतूंना वाट मोकळी होते.

कातडीचे थर दोन. वरचा पापुद्रा केसांच्या मुळांतून पुन्हा उगवतो. खालचा जाड थर मात्र एकदा गेला की गेला. त्या जागी आखडणारा व्रण येतो. हा थर फक्त भाजूनच जातो असे नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत मोहफुले पहाटे वेचतात, आणि त्याच फुलांसाठी अस्वलही येते. त्याचा हल्ला बहुधा तोंडावर, डोक्यावर. टाळू सोलली जाऊन कवटीचे हाड उघडे पडले, तर मांडीची पातळ कातडी तिथे लावून रुजत नाही. कोरड्या हाडातून तिला रक्त कुठून मिळणार?

अशा ठिकाणी कृत्रिम त्वचेचा उपयोग होतो. बोस्टनचे शल्यविशारद जॉन बर्क आणि अभियंते इओआनिस यानास यांनी 1981 मध्ये ती जगापुढे मांडली. गाईचे कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतला एक घटक यांची सच्छिद्र जाळी, वर सिलिकॉनचा पडदा. स्लॅबखालच्या सेंट्रिंगसारखी ती आधार देते. दोन-तीन आठवड्यांत तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात, जाळी हळूहळू विरघळते, पडदा काढून वर रोग्याचीच पातळ कातडी लावतात. जखम आधी स्वच्छ हवी, नाहीतर सगळे वाया जाते. आणि ही कृत्रिम त्वचा महाग आहे, फार महाग.

म्हणून मला मुंबईच्या सायन रुग्णालयातले काम जास्त जवळचे वाटते. डॉ. माधुरी गोरे यांनी वरवर भाजलेल्या जखमांसाठी केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली. 2003 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे पट्टी बदलताना रोगी कळवळत नाही. खोल जखमेला पान पुरत नाही. तिच्यासाठी त्याच रुग्णालयात 2000 साली त्वचापेढी उभी राहिली.

त्वचापेढीसाठी मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय, पाठ येथून कातडीचा पातळ थर घेतात. रक्तगट जुळवावा लागत नाही. ही कातडी कायमची रुजत नाही, शरीर ती दोन-तीन आठवड्यांत झिडकारते; पण तेवढ्यात जखम झाकलेली राहते आणि रोग्याची स्वतःची कातडी काढायला जागा तयार होते.

नागपुरातही त्वचापेढी आहे. भामरागडहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. पण ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली ही कातडी साध्या फ्रिजच्या थंडाव्यात वर्षानुवर्षे टिकते. लशींसाठी असे फ्रिज इथल्या आरोग्य केंद्रांत आहेतच. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्हीकडे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे या कातडीचा थोडा साठा ठेवायला हवा, आणि तो मोहाचा हंगाम सुरू होण्याआधी पोहोचायला हवा.

(पुढील आठवड्यात : व्रण का आखडतो?)