माशाच्या अंगातला ब्रेक

दोस्तांनो, शीवच्या बाजारातला रोहू तुम्ही पाहिला असेल, आणि काचेच्या पेटीतला गोल्डफिशही. दोघे कार्प कुळातले भाऊबंद. पण जंतू अंगात शिरले, तर मासा काय करतो?

आपल्यासारख्याच त्याच्याकडेही पांढऱ्या पेशी असतात. त्या जंतूंवर तुटून पडतात. तिथे सूज येते, लाली येते. हाच दाह. दाह हवाच, नाहीतर जंतूंचं फावेल. पण तो थांबलाच नाही तर? मग माशाच्या निरोगी पेशीही होरपळतात. म्हणून ब्रेक हवा!

पेशी एकमेकींना प्रथिनांमार्फत निरोप धाडतात. या निरोप्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यातला 'पुरे आता!' असं सांगणारा निरोप्या म्हणजे इंटरल्यूकिन-१०. तो १९८९ मध्ये उंदराच्या पेशींत सापडला, तर २००३ मध्ये विषारी फुगू माशात. पुढे कार्पमध्ये असं दिसलं, की तो हल्लेखोर पेशींना आवरतो. पण जुना शत्रू लक्षात ठेवणाऱ्या पेशी मात्र वाढवतो.

खरी गंमत पुढेच आहे, बरं का! कोई कार्पचा जीव घेणाऱ्या एका हर्पिस विषाणूकडेही याच ब्रेकचं जनुक आहे. जणू चोरानेच पोलिसांच्या गाडीचा ब्रेक दाबावा! पण शास्त्रज्ञांनी ते जनुक काढून टाकलं, तरी विषाणू तितकाच घातक राहिला. मग ते त्याच्या कामाचं तरी काय? हे कोडं कोण सोडवणार? कदाचित तुमच्यापैकीच कुणीतरी!