कातळाची चुंबकीय साक्ष

रावेतजवळ पवनेच्या पात्रातला काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो निवताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांनी तेव्हाच्या पृथ्वीचे चुंबकत्व धरून ठेवले. दख्खनच्या बऱ्याच कातळांत त्याची दिशा आजच्या उलट आढळते. दिशेपेक्षा तीव्रता शोधणे अवघड. थेलिये दांपत्याच्या १९५९च्या पद्धतीत नमुना टप्प्याटप्प्याने तापवतात. प्रत्येक तापमानाला मूळचे चुंबकत्व किती गेले आणि प्रयोगशाळेतल्या ज्ञात क्षेत्रात नवे किती आले, हे मोजतात. या गुणोत्तराने ज्ञात क्षेत्राला गुणले की प्राचीन तीव्रता मिळते. मात्र उष्णतेने खनिजच बदलले, तर साक्ष खोटी ठरते. म्हणून मधूनमधून आधीच्या तापमानाला पडताळणी करतात. आकडे जुळले नाहीत, तर नमुना बाद. तापवलेला दगड पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.