बहिष्कार ही शोकांतिका का नाही? मुरुडचे कर्वे आणि अ‍ॅरिस्टॉटलच्या अटी

रस्त्यावरचा खड्डा असो की क्रिकेटमधला पराभव, बातमीत ‘शोकांतिका’ हा शब्द सर्रास वापरला जातो. सुमारे २३०० वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलने मात्र ‘काव्यशास्त्र’ या ग्रंथात त्यासाठी कडक अटी घातल्या होत्या.

दापोली तालुक्यातलं मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. प्रसंग क्लेशदायक आहे. पण अ‍ॅरिस्टॉटलच्या हिशेबात एवढ्याने शोकांतिका होत नाही. विरोधकाने त्रास दिला, यात प्रेक्षकाला विशेष हादरा बसत नाही. करुणा आणि भीती खरी दाटते ती घाव आपल्याच माणसाकडून येतो तेव्हा.

मग घराच्या आत काय?

वसंत कानेटकरांनी १९७२ च्या ‘हिमालयाची सावली’ या नाटकात हेच विचारलं. कर्वे दांपत्यावर बेतलेल्या या नाटकात डॉ. श्रीराम लागूंनी नानासाहेब भानू साकारले होते. नानासाहेब संस्थेला सर्वस्व देतात. संसाराचा भार बयोवर पडतो आणि झळ मुलांना बसते. इथे कोणी खलनायक नाही. अ‍ॅरिस्टॉटलला नायक असाच हवा होता: दुष्ट नाही, निर्दोषही नाही, ‘हमार्तिया’मुळे कोसळणारा. या शब्दाचा अर्थ अनेकदा ‘दुर्गुण’ असा सांगितला जातो. मुळात तो नेम चुकण्यासाठी वापरत. नानासाहेबांचा तर गुणच घरावर उलटतो.

(नाटक म्हणजे चरित्र नव्हे. गोदूबाईंची, म्हणजे आनंदीबाई कर्वे यांची बाजू त्यांच्याच शब्दांत ‘माझे पुराण’मध्ये आहे.)

तरीही अ‍ॅरिस्टॉटलने कानेटकरांना पूर्ण गुण दिले नसते. त्याच्या लेखी कथानक पहिलं, स्वभावचित्रण दुसरं. आणि ‘हिमालयाची सावली’ची ताकद माणसांत आहे. त्याचा आवडता नमुना सोफोक्लीसचा ‘ईडिपस’, ज्याचा पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ केला. तिथे राजाची भीती घालवायला आलेला दूतच असं काही सांगतो, की सगळं उलटं फिरतं आणि राजाला स्वतःची ओळख पटू लागते. पलटी आणि ओळख, दोन्ही एकत्र.

गंमत म्हणजे शेवटी शोक हवाच, असंही नाही. भावाचा बळी देण्याआधीच बहीण त्याला ओळखते आणि तो वाचतो, अशा इफिजेनियाच्या नाटकाची रचना अ‍ॅरिस्टॉटलने एका ठिकाणी सर्वोत्तम ठरवली आहे. त्या नाटकाला मराठीत ‘शोकांतिका’ म्हणणं जरा अवघडच.