त्रिकोणांची चाल

धावणारा माणूस काढताना लहान मुले बहुधा हातपाय फाकवतात आणि धड मात्र ताठ ठेवतात. त्यामुळे आकृती धावण्याऐवजी कवायतीला उभी असल्यासारखी दिसते. हालचाल आधी धडाच्या कलात उमटते आणि हातपाय तिचा तोल सावरतात, हे मुलांना नुसते सांगून उमगत नाही. वारली चित्रातले दोन त्रिकोण हाती दिले, की मात्र चटकन उमगते.

डहाणू-जव्हार परिसरातील वारली स्त्रिया लग्नघराच्या सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचे विधिचित्र, लिहीत आल्या आहेत. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकापासून ही कला कागदावर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या शैलीतील मानवाकृतीत खांद्यांचा त्रिकोण कमरेच्या त्रिकोणाला टोकाशी जोडलेला असतो, आणि त्या एका सांध्यामुळे लावणी करणारी बाई, ओझे वाहणारा गडी व नाचणारा मुलगा चेहऱ्याशिवायही ओळखू येतात.

मुलांसाठी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून असे त्रिकोण कापावेत, टोके एकमेकांवर ठेवून दोऱ्याच्या गाठीने जोडावीत आणि काड्यांचे हातपाय लावावेत. वरचा त्रिकोण थोडा झुकवला की आकृती चालू लागते, अधिक झुकवला की धावते. गुरुत्वमध्य, म्हणजे शरीराचा सारा भार जेथे एकवटला आहे असे मानता येते तो बिंदू, त्यापासून सोडलेला ओळंबा दोन्ही पावलांच्या पुढे गेला, तर माणसाला पाऊल टाकावेच लागते; खो-खोत खांबाला धरून वळणाऱ्या खेळाडूचे धड एवढे बाहेर झुकूनही तो पडत नाही, कारण खांबावरचा हात त्याला तोलून धरतो. अशा खेळाडूंची झटपट रेखाटने करताना खोडरबर दूर ठेवणे इष्ट. स्मरणचित्राच्या तयारीत ठरावीक आकृत्या पाठ करून घेण्याच्या रीतीने मुलांची नजर मंदावते, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

हालचाल चित्रात पकडण्याच्या या शोधाचा शास्त्रीय इतिहासही आहे: बेल्जियमच्या जोसेफ प्लातो यांनी १८३२ मध्ये चित्रे हलती दाखवणारी चकती केली, आणि १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांच्या छायाचित्रांनी दौडत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी पोटाखाली अधांतरी असतात हे दाखवले.

प्लातोंची चकती आणि वारल्यांचा तारपा नाच यांची गाठ घालणे हा सर्वांत रमणीय उपक्रम होय. या नाचात वाळलेल्या दुधी भोपळ्याचा तारपा वाजवणाऱ्याभोवती नर्तकांची साखळी फिरते. पुठ्ठ्याच्या गोल चकतीचे ३० अंशांचे १२ भाग करून कडेला प्रत्येक भागात एक अरुंद फट पाडावी, मागची बाजू काळी करावी आणि पुढे १२ नर्तक असे काढावेत, की अर्ध्या वाटेपर्यंत प्रत्येकाचे धड आधीच्यापेक्षा किंचित अधिक झुके, पुढे तसेच सावरत जाई आणि बारावी आकृती पहिलीला जुळे. टाचणीने पेन्सिलीच्या मागच्या टोकावर चकती बसवून ती आरशासमोर फिरवावी आणि मागून फटींतून प्रतिबिंब पाहावे. फटींमधला अंधार प्रत्येक चित्र सुटे ठेवतो, म्हणून ती एकमेकांत न मिसळता सलग हालचाल दिसते. आकृत्या १२ असल्या तर नर्तक जागच्या जागी झुलतात. फटी तेवढ्याच ठेवून आकृत्या १३ काढल्या, तर सबंध साखळी गोल सरकू लागते.