‘सेव्हनइव्ह्ज’चा शेवट : वाचकांची दोन मते

कादंबरी : अमेरिकी लेखक नील स्टीफन्सन यांची ही विज्ञान कादंबरी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. 2016 च्या ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत तिचा समावेश होता.

कथानक : चंद्राचे अचानक सात तुकडे होतात. दोनेक वर्षांत उल्कावर्षावाने पृथ्वी होरपळणार, हे कळताच निवडक माणसे अंतराळात पाठवली जातात. अखेरीस सात स्त्रियांपासून मानववंश पुन्हा सुरू होतो. तिसरा भाग थेट पाच हजार वर्षांनंतर घडतो.

नाराजीची कारणे : पहिल्या दोन भागांतील ओळखीची पात्रे तिसऱ्यात उरत नाहीत. नव्या पात्रांत जीव गुंतण्याआधीच यंत्रे आणि वसाहतींची लांबलचक वर्णने येतात. जमिनीखाली आणि समुद्रात तगून राहिलेल्या माणसांची भेट रंगते न रंगते तोच कादंबरी आटोपते. चंद्र कशाने फुटला, हेही गुलदस्त्यातच राहते.

समर्थकांचे म्हणणे : कादंबरीचा खरा विषय विनाश नसून पुनर्उभारणी आहे. सात स्त्रियांच्या निर्णयांतून सात वंश कसे घडले, हे काळाच्या या उडीशिवाय दाखवता आले नसते.

लेखकाची ख्याती : ‘स्नो क्रॅश’ (1992) आणि ‘द डायमंड एज’ (1995) या स्टीफन्सन यांच्या आधीच्या कादंबऱ्यांबद्दलही शेवट घाईत उरकल्याची तक्रार वाचक करत आले आहेत.